दुपारचं घर

४ मार्च, सोमवार

काडीवाले आज घरी येऊन गेले. आमच्या वाद्यवृंदाच्या संचालकांना, हातातल्या काडीवरून, सगळे वादक पाठीमागे काडीवाले म्हणतात, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक आहे. चहाचा कप घेऊन उभ्याउभ्याच म्हणाले, "एप्रिलअखेर शाळेची मुलं येणार आहेत. त्यांना वाद्यांची ओळख करून द्यायची. दरवर्षी तेच ते वाजवतो, आमचा ट्रॉम्बोनवाला तर आता त्यात झोपतोच. यंदा नवीन हवं. तुम्ही लिहा. मधे मधे गोष्ट असू दे, तीही तुम्हीच स्टेजवर उभं राहून सांगा."

मी तोंडभरून हो म्हटलं. ते जिना उतरल्यावर वाटलं, कशाला म्हटलं? मी पियानो शिकवणारा माणूस. अधूनमधून लिहितो, आणि लिहिलेलं एकेकदा वाजतं. टाळ्या वाजवायला नातेवाईक असतात. दुसऱ्यांदा कुणी वाजवायला मागितलंय असं आजवर झालेलं नाही.

मधली स्वयंपाकघरातून म्हणाली, "दमशील." मग थोड्या वेळाने, "पण लिही." मधली म्हणजे माझी बायको. तीन बहिणींतली दुसरी, म्हणून माहेरी सगळे मधली म्हणत. लग्नानंतर मीही तेच उचललं. वाद्यवृंदात ती व्हायोला वाजवते, व्हायोलिनहून जरा मोठा आणि खालच्या आवाजाचा, मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून.

उद्यापासून सुरुवात. रोजचं इथे टिपून ठेवीन म्हणतो, म्हणजे कुठे अडलो ते तरी कळेल.

७ मार्च, गुरुवार

सुचलं! आणि सुचवलं ते ठिणगीने.

ठिणगी म्हणजे आमची सहा वर्षांची नात. मुलगी कामावर जाताना तिला दुपारची आमच्याकडे सोडते. दुपारी सगळं घर आडवं होतं, ही मात्र टक्क जागी. आज माझा डोळा लागला होता, तर कानाशी येऊन कुजबुजली, "आबा, सगळे झोपले ना, की घर बोलायला लागतं."

म्हटलं, काय बोलतं?

"कपाट कोट खाऊन बोलतं. तोंड भरलेलं असतं त्याचं."

मी तसाच उठून पियानोपाशी गेलो. कोटांच्या कपाटाचा तो आवाज म्हणजे बॅसून. ती लांब लाकडी नळी अगदी तोंडात घास असल्यासारखीच बोलते. मग एकेक सुटत गेलं. गॅलरीचा पडदा श्वास घेतो, ती बासरी. मिटलेल्या दाराखालून उजेडाची रेघ येते, तो ओबो. जिन्याच्या कठड्यावरून घसरत यायचं, तो क्लॅरिनेट. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत तोंड घालून हाक मारली की जे परत येतं, तो हॉर्न. जिन्याखालच्या अडगळीत डबल बास.

नाव: दुपारचं घर. एक मुलगी दुपारी झोपत नाही आणि खोल्याखोल्यांतून हिंडते. बस. एवढीच गोष्ट.

१२ मार्च, मंगळवार

आमची लिहिण्याची पद्धत जुनीच आहे. मी दोन ओळी लिहितो आणि कागद स्वयंपाकघराच्या दाराशी नेतो. मधली हात पुसते, व्हायोला खांद्याला लावते आणि वाजवून दाखवते. वाद्य कुठलंही असो. बासरीचं असेल तर खालच्या सप्तकात, बॅसूनचं असेल तर वरच्या. पियानोवर सगळंच खरं वाटतं, तो लबाड आहे. तिच्या व्हायोलावर खोटा सूर लगेच उघडा पडतो. आज पडदा वाजवला तेव्हा गॅलरीतला खरा पडदा हलला, शप्पथ.

"शेवटी एक सूर कमी कर," ती म्हणाली. केला. बरोबर होतं तिचं.

ओबो मात्र अडलाय. उजेडाची रेघ लिहायची म्हणजे काय लिहायचं? सरळ लिहिलं तर शिट्टी होते, वाकवलं तर रडगाणं.

जेवताना ती सांगत होती की दुसऱ्या शहरातल्या एका चौघांच्या संचातला व्हायोलावाला निवृत्त झालाय, त्यांनी हिला बोलावलंय. कायमचं. एप्रिल संपेपर्यंत कळवायचंय. मी म्हटलं, वा, छानच की. खरंच छान आहे. तीस वर्षं आमच्या गावात दोन व्हायोलांतली एक म्हणून बसलीय, चौघांत वाजवायचं म्हणजे कानाला किती मोकळं. पण माझं डोकं त्या दाराखाली अडकलं होतं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "तू येशील?"

म्हटलं, "आधी ओबो येऊ दे."

ती हसली नाही. विनोद करायचा म्हणून मी तसं म्हटलंही नव्हतं म्हणा.

१६ मार्च, शनिवार

दुपारी पियानोवर डोकं टेकून झोपलो आणि स्वप्न पडलं. मी आमच्या गच्चीवरच्या टाकीत उतरलो होतो. पाणी नव्हतं, नुसता गार हिरवा उजेड होता, आणि वरून कुणीतरी माझं नाव घेत होतं. ते नाव टाकीच्या भिंतींना लागत लागत खाली येईपर्यंत माझं उरलंच नव्हतं, नुसता एक लांब गोल सूर झाला होता. मला त्याला ओ द्यायची होती. पण इतकं छान वाटत होतं की म्हटलं, अजून एकदा हाक येऊ दे, मग देतो.

जागा झालो तर मधली टेप घेऊन पियानो मोजत होती. लांबी, उंची, सगळं. म्हटलं, कव्हर शिवतेस वाटतं? ती म्हणाली, "बघते." टेप गुंडाळताना मला म्हणाली, "तुझ्या गालावर पट्ट्या उमटल्यात."

हॉर्नचं सगळं संध्याकाळच्या आत लिहून झालं. स्वप्नातलं जसंच्या तसं.

२२ मार्च, शुक्रवार

ओबो आला! काहीच करायचं नव्हतं. एकच सूर, लांब, आणि शेवटी तो किंचित रुंद होतो, दार कुणीतरी बोटभर ढकलल्यासारखा. मधलीने वाजवला आणि वाजवून झाल्यावर धनुकली तशीच धरून उभी राहिली. मी म्हटलं, कसा आहे? म्हणाली, "आला म्हणजे." आणि आत गेली.

आता खाली काहीतरी सतत चालू राहायला हवं, नाहीतर या सगळ्या खोल्या हवेत तरंगतील. म्हणून व्हायोलांना दोन सूर देऊन टाकलेत. खाली, वर, खाली, वर, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. वाजवायला कंटाळवाणं आहे. पण मधली काही म्हणायची नाही.

ठिणगीला सगळी गोष्ट सांगून दाखवली. ती बोटांवर मोजत बसली. कपाट, पडदा, दार, जिना, टाकी, गच्चीवरचा तापलेला नळ म्हणजे ट्रंपेट, झोपलेल्यांचं घोरणं म्हणजे ट्रॉम्बोन, मण्यांचा पडदा म्हणजे हार्प, खिडक्यांच्या काचा म्हणजे व्हायोलिनं, आरामखुर्ची म्हणजे चेलो, शेजारच्या गॅलरीत गाद्या झोडपतात ते नगारे.

"आणि आजीचं?" तिने विचारलं.

"आजी असतेच की सगळीकडे," मी म्हटलं.

"हं," म्हणाली आणि खेळायला पळाली. पोरांना पटकन समाधान होतं.

३ एप्रिल, बुधवार

पहिली तालीम. वाट लागली.

मधली परवापासून बाहेरगावी गेलीय. त्या चौघांबरोबर, म्हणजे सध्या तिघांबरोबर, वाजवून बघायला. जाताना तिने सांगितलं होतं म्हणे. मुलीने फोनवर सांगितलं तेव्हा मला आठवलं. दुसरा व्हायोलावाला, आमचा दाढीवाला, तापाने पडलेला. काडीवाले म्हणाले, "व्हायोला नाहीत. चालेल, आज भागवून घेऊ." मी म्हटलं, हो हो, अडत नाही.

आणि वाजलं. प्रत्येक वाद्य आपापल्या जागी बरोबर. पडदा पडद्यासारखा, टाकी टाकीसारखी. पण सगळं मिळून लाकडाच्या वखारीत उभं राहिल्यासारखं वाटत होतं. काडीवाल्यांनी काडी कानामागे खोचली आणि म्हणाले, "सगळं आहे हो. पण काहीतरी नाहीय."

ट्रॉम्बोनवाला जागा होता आणि तो म्हणाला, "मला आवडलं." यावरूनच काय ते समजायचं.

मी तीनदा दालनभर फिरून ऐकलं. मला वाटतं दालनाचे पडदे धुवायला नेलेत, त्याने आवाज उघडा पडला असेल. शिवाय हॉर्न फार दूर बसवलेत. नाहीतर मग मलाच लिहिता येत नाही. घरी येऊन सकाळचं उरलेलं खाल्लं. घरातसुद्धा पाय वाजत होते.

५ एप्रिल, शुक्रवार

सापडलं. हॉर्न. टाकी फार उशिरा बोलते, तिने सुरुवातीपासूनच घर भरायला हवं. दोन दिवस बसून हॉर्नचं सगळं नव्याने लिहिलं. ऐकवायला दाराशी कुणी नव्हतं, म्हणून पियानोवरच ठरवलं.

मधली संध्याकाळी परत आली. दमलेली, पण चेहरा उन्हात फिरून आल्यासारखा. म्हटलं, कसं झालं? "छान झालं," ती म्हणाली. "मला ऐकू येत होते मी." हे काय बोलणं? मग म्हणाली, "घर बघितलं एक. तळमजल्याचं. झाड आहे मागे." मी तिला हॉर्नची कागदं दाखवली. तिने शेवटपर्यंत वाचली. बूटसुद्धा काढले नव्हते.

१० एप्रिल, बुधवार

दुसरी तालीम, आणि जमलं! पहिल्या क्षणापासून घर उभं राहिलं. जमीन होती, भिंती होत्या, ऊन होतं. बासरी सुरू झाली तेव्हा मला खरोखर आमच्या गॅलरीतल्या कपड्यांचा वास आला. बिचारे काडीवाले, डोळे पुसत होते. त्यांना म्हटलं, बघितलंत? हॉर्न!

ते म्हणाले, "हॉर्न?" आणि मग, "हं. असेल." त्यांना कुणाचंच मन मोडवत नाही.

मधली आणि दाढीवाला आपले दोन सूर वाजवत होते. तालमीनंतर तिचा खांदा दुखत होता, मी चोळून दिला. तिला हॉर्नबद्दल विचारलं तर म्हणाली, "आधीचे पण चांगले होते."

काडीवाल्यांनी एक नामी कल्पना काढलीय. ज्याची ओळख झाली त्याने उभं राहायचं आणि पुढचं उभ्यानेच वाजवायचं, म्हणजे मुलांना कळेल कोण कुठलं. डबल बासवाला म्हणाला, मी पहिल्यापासून उभाच असतो, मी काय बसू का? मोठा वाद झाला. शेवटी ठरलं की त्याने वाकून नमस्कार करायचा आणि चेलोवाल्यांनी बसल्या जागी धनुकली उंच करायची.

१७ एप्रिल, बुधवार

मधली हल्ली दुपारी आतल्या खोलीत दार लोटून काहीतरी वाजवते. आमच्या कार्यक्रमातलं नाही. मोठं, खोल, कधी एकदम अवखळ. मधेच थांबते, तीच ओळ परत घेते, जणू समोर कुणीतरी बोलतंय आणि ही त्याला उलट उत्तर देतेय. विद्यार्थ्यांसाठी असेल.

मी बाहेर आरामखुर्चीत पडून ऐकत होतो. अर्धी झोप, अर्धं ऊन. घरातल्या वस्तूंचे कोपरे विरघळल्यासारखे झाले होते. मला वाटलं, असंच पडून राहावं, कार्यक्रम नको, टाळ्या नकोत, एप्रिल संपूच नये.

मग तिने दार उघडून विचारलं, "ऐकत होतास?" म्हटलं, अगं, झोपलो होतो. का खोटं बोललो कुणास ठाऊक. तिने दार पुन्हा लोटलं.

२५ एप्रिल, गुरुवार

रंगीत तालीम.

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.

ठिणगीला घेऊन गेलो होतो, ती दुसऱ्या रांगेत. मी स्टेजच्या कडेला उभा राहून गोष्ट सांगत होतो. पडदा बोलला, बासरीवाली उभी राहिली. दाराखालची रेघ आली, ओबोवाला उठला. कपाट, जिना, टाकी, नळ. खिडक्यांच्या काचा निघाल्या तशी व्हायोलिनवाली सगळी रांग उठली. चेलोंच्या धनुकल्या वर गेल्या. डबल बासने नमस्कार केला, ठिणगी खिदळली. शेवटच्या भागात चेलोवाले सोडून सगळे उभ्याने वाजवत होते, आणि मी अगदी खूश होऊन वळून बघितलं.

सगळे उभे. मधे दोन माणसं बसलेली.

मला आधी वाटलं, मधली विसरली. मी हाताने खूण करणार होतो, ऊठ म्हणून. मग लक्षात आलं की तिला उठायची वेळच आलेली नाही. मी लिहिलेलीच नाही. गोष्टीत ती खोलीच नाही.

ती समोरच्या कागदाकडे बघून दोन सूर वाजवत होती. खाली, वर, खाली, वर. चारी बाजूंना माणसांचे पाठमोरे कोट, आणि मधे ती. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला इतकं लागलं नसतं. ती कधीपासून ओळखते हे? पडदा तिने वाजवला, ओबो तिने वाजवला, कपाटापासून नळापर्यंत एकेक खोली आधी तिच्या खांद्यावर उघडली, आणि मी तिला विचारलं, हॉर्न कसे वाटले.

त्या पहिल्या तालमीत काय नव्हतं ते आत्ता कळलं. माझ्यासारखा बहिरा माणूस वाद्यांची ओळख करून द्यायला निघालाय.

घरी येताना ठिणगी मधे चालत होती, दोघांचे हात धरून.

२६ एप्रिल, शुक्रवार

सकाळपासून व्हायोलासाठी लिहायला बसलो. उद्या कार्यक्रम. जे लिहीन ते कुठेतरी आधीच आहे! हे बासरीसारखं, हे तर बॅसूनचंच. तिचा म्हणून जो सूर मी हुडकतोय तो मी सगळ्यांना वाटून टाकलाय. तिला द्यायला माझ्याजवळ एक ओळ उरलेली नाही. कागदांचा ढीग झाला. रडकुंडीला आलो होतो.

मग वखारीची आठवण झाली. ती नसताना काय झालं होतं ते मुलांना ऐकू दे! शेवटच्या भागाआधी, गोष्टीतली मुलगी जिन्यात असताना, व्हायोला थांबतील. बाकी सगळे वाजवत राहतील. मग मी मुलांना विचारीन.

काडीवाल्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला वाटलं होतं तुम्ही मुद्दामच ठेवलंय तसं. म्हटलं, नवरा-बायकोतलं काही असेल."

मधलीला फक्त एवढंच सांगितलं, "जिन्याच्या इथे तुम्ही दोघं वाजवू नका. काडीवाले खूण करतील तेव्हा पुन्हा सुरू करा." बाकीचं सांगितलं नाही. उद्या तिला अचानक कळलेलं बघायचंय मला.

"तिथे पण नको?" ती म्हणाली.

"नको."

"बरं." तिने पेन्सिलने खूण केली, मग त्या पेन्सिलला बराच वेळ टोक काढत बसली. दुपारी बाहेर जाऊन आली. म्हणाली, टपालाचं काम होतं. मी इतका आनंदात होतो की मला दुपारी झोपच आली नाही.

२७ एप्रिल, शनिवार

मुलंच मुलं. खुर्च्यांतून गुडघे आणि वेण्या. दिवे मंद झाले तसा तो सगळा कलकलाट एका श्वासात आत ओढला गेला, आणि व्हायोलांचे दोन सूर सुरू झाले. आज मी फक्त तेच ऐकत होतो. गोष्ट तोंडाने आपोआप चालली होती. खोल्या उघडत होत्या, माणसं उभी राहत होती. मला वाटत होतं मी स्टेजवर नाही, आमच्याच घरात पडलोय, आणि कुणीतरी शेजारच्या खोलीत जागं आहे, म्हणून मला निर्धास्त झोपता येतंय.

मुलगी जिन्यात आली. काडीवाल्यांनी डावा हात मिटला. व्हायोला थांबले.

वखार. भर दुपारी सगळं घर वखार झालं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मी पुढे होऊन म्हटलं, "मुलगी जिन्यात थांबली. पडदा आहे, टाकी आहे, खुर्ची आहे. सगळे आहेत. मग काय गेलं?"

"पंखा!" कुणीतरी ओरडलं. "लाइट गेले!" एक जण म्हणाला, "जमीन." पुढच्या रांगेतली एक लहानशी मुलगी म्हणाली, "कुणीतरी उठून बाहेर गेलं." आणि ठिणगी खुर्चीवर उभी राहून, चहाडी केल्यासारखी, "आजी थांबलीय!"

"हो," मी म्हटलं. "या घरातलं एकेक दार आधी तिने उघडून दाखवलं, आणि मी तुम्हाला तिची ओळखच करून दिली नाही. तो व्हायोला. तो सुरू होता म्हणून बाकीचं घर ऐकू येत होतं. आता आपण सगळे गप्प बसू या आणि तो परत येतो का बघू या."

काडीवाल्यांनी सगळ्यांना थांबवलं आणि तिला खूण केली. ती वाजवेना. माझ्याकडे बघत होती. त्या वेळात मला पहिल्यांदा वाटलं की ती वाजवणारच नाही, आणि ते बरोबरच होईल.

मग तिने धनुकली टेकवली. खाली. वर. तेच दोन सूर, पण एकटे, संथ, आणि इतके मोठे की सगळं दालन त्यांच्या आत गेलं. पोरं तोंडं उघडी टाकून बसली होती. वाजवता वाजवताच ती उभी राहिली. दाढीवाल्याला कळेना त्याने उठायचं की नाही, मग तोही उठला.

माझ्या डोळ्यांना धार लागली होती. गोष्टीचं शेवटचं वाक्य राहूनच गेलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

२८ एप्रिल, रविवार

काडीवाले म्हणतात, पुढच्या वर्षी पुन्हा वाजवू. माझं काहीतरी दुसऱ्यांदा वाजणार! आनंदाने उडी मारावी अशी गोष्ट. मारली नाही.

दुपारी आम्ही दोघंच गॅलरीत बसलो होतो. मधली म्हणाली, "मी त्यांना हो कळवलंय. शुक्रवारी."

"शुक्रवारी? म्हणजे मी तुला वाजवू नका म्हटलं, तेव्हा?"

"त्यानंतर. टपालात टाकून आले."

माझ्या ओठांशी आलं की म्हणावं, पण आता तर तुला कळलं ना, मग कळव की नाही म्हणून. तिने ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं.

"कालचं मी आयुष्यभर विसरणार नाही," ती म्हणाली. "पण मी जाणार आहे. रागाने नाही रे. काल तू काही केलं नसतंस तरी मला तिथे वाजवायचंय, आणि केलंस तरी वाजवायचंय."

तिला असं बोलताना मी पूर्वी ऐकलं असेल, पण दाराशी कागद घेऊन उभा राहून. आज हात रिकामे होते. ती गेल्यावर या घरात काय उरेल ते मी तीन एप्रिलला ऐकून बसलोय. मला ते पुन्हा ऐकायचं नाही. पियानो कुठेही शिकवता येतो. ठिणगी सुट्टीत येईल, गाडीने सकाळी निघून दुपारी पोचते.

मी म्हटलं, "मी आलो तर?"

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "आधी ओबो येऊ दे."

आणि हसत सुटली. इतकी, की तिला खुर्चीचा हात धरावा लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं असं मला वाटलं. मला काही कळेना. मी म्हटलं, ओबोवाला कशाला येईल? त्याचं दुकान आहे इथे. त्यावर ती आणखीच हसली.

शेवटी डोळे पुसून म्हणाली, "तळमजल्याचं दार रुंद आहे. पियानो जातो. मी मोजून आलेय."

म्हणजे ती टेप कव्हरसाठी नव्हती. आता ती आत झोपलीय, दार सताड उघडं आहे. मी टेप घेऊन आमच्या जिन्याचं वळण मोजून आलो. पियानो उभा करून काढावा लागेल, पण निघेल. ओबोवाल्याला मात्र उद्या विचारायला हवं, त्याचं आणि हिचं काय ठरलंय ते.